एकसष्टचे शहात्तर: बारावी गणिताच्या एका उत्तरपत्रिकेचा हिशेब

बारावी सायन्सच्या पूर्वपरीक्षेत गणितात ८० पैकी ६१ मिळवणारी मुलगी वर्गात हुशारांतच मोजली जाते. शिक्षकांचा जीव पास-नापासाच्या काठावरच्या पोरांत अडकलेला, घरचे 'फर्स्ट क्लास तर आहेच की' म्हणून निवांत. त्यामुळे अशा विद्यार्थ्यांच्या पेपराकडे कुणी नीट बघत नाही. या मुलीला मात्र गणितात नव्वदच्या बऱ्याच वर जायचं होतं. इंजिनिअरिंगला जायचं नव्हतं, पुण्यात बी.एस्सी. करायचं होतं, आणि ज्या महाविद्यालयावर तिचा डोळा होता तिथला प्रवेश बारावीच्या गुणांवर होता.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. वडील एसटीत वाहक. सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून रोज सकाळच्या एसटीनं तालुक्याला येणारी, वह्या नीटनेटक्या ठेवणारी, वर्गात कमी बोलणारी मुलगी. मी तिला अकरावी-बारावी दोन्ही वर्षं गणित शिकवलं. नाव इथं देत नाही, त्याची गरजही नाही.

पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यावर ती एक कागद घेऊन आली. बालभारतीच्या दोन्ही भागांतली मिळून पंधरा प्रकरणं, प्रत्येकाला दोन दिवस, डायजेस्टमधली सगळी उदाहरणं पुन्हा, शिवाय अपेक्षितचे संच. बोर्डाच्या पेपरापर्यंत महिन्याहून थोडा जास्त वेळ होता. वेळापत्रक स्केचपेननं छान रंगवलेलं. मी म्हटलं, हे बाजूला ठेव, आधी उत्तरपत्रिका काढ. गेलेले १९ गुण कुठं गेले ते एकेक करून लिहू.

एकोणीस गुण

हा हिशेब समजायला पेपरचं स्वरूप माहीत हवं. राज्य मंडळाचा बारावीचा गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा. उरलेले २० अंतर्गत. सेक्शन ए मध्ये दोन गुणांचे आठ बहुपर्यायी प्रश्न आणि एकेक गुणाचे चार छोटे, मिळून २०. बी मध्ये दोन गुणांचे बारापैकी आठ, सी मध्ये तीन गुणांचे बारापैकी आठ, डी मध्ये चार गुणांचे आठपैकी पाच. म्हणजे छापलेला पेपर ११२ गुणांचा असतो आणि त्यातले ८० सोडवायचे. आमची पूर्वपरीक्षा याच नमुन्यावर होती, सूचनाही मंडळाच्याच जशाच्या तशा.

सेक्शन ए मध्ये तिचे तीन बहुपर्यायी गेले होते, म्हणजे एकदम ६ गुण. एकात 'कॉट एक्स बरोबर वजा रूट तीन' याची प्रिन्सिपल सोल्यूशन्स विचारली होती. शून्य ते ३६० अंशांत उत्तरं दोन, १५० आणि ३३०. तिनं वजा तीस असलेला पर्याय निवडला. दुसऱ्यात डिफरन्शियल इक्वेशनची ऑर्डर आणि डिग्री होती. कंसाला दीडचा घात होता. दोन्ही बाजूंचा वर्ग करून तो घालवायचा, मग डिग्री, म्हणजे सर्वांत वरच्या डेरिव्हेटिव्हचा घात, बघायची. तिनं नुसतं बघून एक लिहिली, हवी होती दोन. तिसऱ्याचं उत्तर बरोबर होतं, पण तिनं फक्त 'सी' लिहिलं होतं. पेपरवर स्पष्ट छापलेलं असतं की पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, नुसतं एक लिहिलं तर गुण नाहीत. दोन वर्षं सीईटीचे (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचे) सराव पेपर गोल काळे करून सोडवलेल्या मुलांचा हात अक्षरावरच थांबतो.

बी मध्ये अडीच गेले. लॉजिकमध्ये कॉन्व्हर्स आणि इन्व्हर्सची अदलाबदल, एक गुण. दोन इंटिग्रेशनच्या शेवटी 'अधिक सी' (स्थिरांक) नाही, अर्धा-अर्धा. एका युनिट व्हेक्टरमध्ये चिन्ह चुकलं, अर्धा.

सी मध्ये साडेचार. दोन स्क्यू (समांतर नसलेल्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या) रेषांमधल्या सर्वांत कमी अंतराचं सूत्रच चुकीचं आठवलं, तिथं दोन गुण. छत्तीस मीटर तारेचा आयत करून त्याचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त कधी होईल, या उदाहरणात तिनं पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य घेऊन बाजू नऊ काढली आणि थांबली. दुसरा डेरिव्हेटिव्ह वजा दोन येतो, तो शून्यापेक्षा लहान आहे, म्हणून हे मॅक्झिमम, ही ओळच नाही. एक गुण. होमोजिनिअस डिफरन्शियल इक्वेशन व्ही घेऊन सोडवलं आणि उत्तर व्हीमध्येच ठेवलं, पुन्हा वाय भागिले एक्स घातलंच नाही. आणखी एक. डेफिनिट इंटिग्रलमध्ये सब्स्टिट्यूशन केलं पण लिमिट जुन्याच राहिल्या, अर्धा.

डी मध्ये सहा. त्यातले तीन एकाच प्रश्नाचे. त्रिकोणाच्या मध्यगा एका बिंदूत मिळतात हा व्हेक्टरनं करायचा प्रमेय तिनं निवडला, अर्ध्यात अडकली, सगळं खोडलं, मग मॅट्रायसेसचं उदाहरण धरलं आणि मॅट्रिक्स रूपात मांडेपर्यंत घंटा झाली. बाकीचे तीन सुटे: एलपीपीत (लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या उदाहरणात) कोपऱ्यांच्या बिंदूंचं कोष्टक नाही, डेफिनिट इंटिग्रलच्या शून्य ते दोन ए या लिमिटच्या गुणधर्माच्या सिद्धतेत टी चं एक्स कसं झालं ते सांगितलेलं नाही, आणि न्यूटनच्या कूलिंगच्या उदाहरणात लॉग टेबल बघताना चूक.

मग प्रत्येक गेलेल्या गुणापुढं तिलाच कारण लिहायला लावलं. सुरुवातीला सगळीकडं एकच उत्तर येत होतं.

"सर, हे मला येत होतं."

"येत होतं ना? मग कागदावर कुठं दिसतंय ते दाखव."

शेवटी हिशेब असा निघाला: खरोखर न समजल्यामुळं किंवा न आठवल्यामुळं गेलेले गुण ५. निवड आणि वेळ चुकल्यामुळं ३. आणि येत असून कागदावर न आलेले ११.

माझ्या मते सगळं प्रकरण या तीन आकड्यांत आहे. तिचं रंगीत वेळापत्रक त्या पाच गुणांसाठी होतं. पंधरा प्रकरणं पुन्हा वाचून पाच मिळाले असते, कदाचित. उरलेल्या चौदांना त्या वाचनानं धक्काही लागला नसता. हुशार मुलं अभ्यास वाढवतात तेव्हा बहुतेक वेळा जे येतं त्याचाच वाढवतात. त्यात मन रमतं हे खरं, पण गुण जिथून गळतात ती जागा तशीच राहते.

काय केलं

डायजेस्ट बंद. हे तिला सगळ्यांत जड गेलं. सोडवलेलं उदाहरण ओळीनं वाचत गेलं की प्रत्येक ओळ पटते आणि आपल्याला येतं असं वाटत राहतं. परीक्षेत मात्र पुढची ओळ आपल्याला काढायची असते. म्हणून नियम एवढाच ठेवला की उदाहरण पाठ्यपुस्तकातलं घ्यायचं, सोडवणूक झाकून, पूर्ण कागदावर. अडलं तर पाच-सात मिनिटं झगडायचं, मग फक्त अडलेली ओळ बघायची, पुन्हा झाकायचं, आणि तीन-चार दिवसांनी तेच उदाहरण परत कोऱ्या कागदावर.

चुकांची वही केली, पण ज्या पद्धतीनं पोरं ती करतात तशी नाही. लाल शाईत अख्खं उदाहरण उतरवलेली वही कुणी पुन्हा उघडत नाही. तिच्या वहीत एका चुकीला दोनच ओळी होत्या: मी काय लिहिलं, काय लिहायला हवं होतं. 'ए डबल डॅश (क्षेत्रफळाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह) तपासला नाही.' 'व्हीचं परत वाय बाय एक्स.' 'लिमिट बदल.' दोन आठवड्यांत दिसून आलं की नव्या चुका फारशा येतच नाहीत, त्याच सात-आठ फिरून येतात. मग त्या सात-आठ ओळी तिनं एका कार्डावर लिहिल्या आणि प्रत्येक सराव पेपर संपल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत उत्तरपत्रिका फक्त त्यांच्यासाठी चाळायची असं ठरलं. नुसतं 'पेपर तपासून बघ' म्हटलं की मुलं आपलं अक्षर बघत बसतात.

इथं एक जुळून आलं. २०२३ पासून मंडळानं प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी देणं थांबवून तीच दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली आहेत. शेवटची दहा मिनिटं त्या कार्डाला मिळाली. पण सुरुवातीचं वाचन आता आपल्याच तीन तासांतून करावं लागतं. ते टाळण्याचा मोह होतो. तिनं टाळायचं नाही असं ठरवलं: पेपर हातात आला की आधी डी वाचायचा, आठांतले सोडायचे तीन ठरवून त्यांच्यापुढं पेन्सिलीनं बारीक फुली मारायची, मग सी. प्रमेय निवडायचा तर त्याची शेवटची ओळ आत्ता डोळ्यांसमोर येते का ते बघायचं. येत नसेल तर फुली.

मध्यगांच्या प्रमेयावर एक दुपार गेली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. तिनं तो पाठ केला होता, म्हणून एक ओळ निसटली की सगळं निसटलं. मी विचारलं, एका मध्यगेला दोनास एक या प्रमाणात छेदणारा बिंदू काय येतो? ए, बी, सी या तिन्ही व्हेक्टरांची बेरीज भागिले तीन. या उत्तरात ए, बी, सी पैकी कुणाला वेगळी वागणूक आहे का? नाही. मग दुसरी मध्यगा घेतली तर काय येईल? ती थोडी थांबली आणि म्हणाली, "हेच. म्हणजे पुन्हा करायचंच नाही?" लिहायचं तर आहे, पण पाठ करायचं उरलं नाही. त्यानंतर प्रत्येक प्रमेयाला ती स्वतःच विचारायला लागली की यातली कुठली ओळ काढली तर बाकीचं कोसळतं. शून्य ते दोन ए च्या सिद्धतेत ती ओळ म्हणजे एक्स बरोबर दोन ए वजा टी. पुढं लिमिट उलटतात, चिन्ह बदलतं, आणि डेफिनिट इंटिग्रलची किंमत चल कुठलं अक्षर आहे यावर अवलंबून नसते म्हणून टी च्या जागी एक्स लिहिता येतो. एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर पूर्वपरीक्षेतला तो गुण गेला नसता.

न्यूटनच्या कूलिंगचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. खोलीचं तापमान २५ अंश. वस्तू अर्ध्या तासात ८० वरून ५० वर आली. एका तासानं किती? तिनं के ची (थंड होण्याच्या दराच्या स्थिरांकाची) किंमत काढायला लॉग टेबल उघडलं, तिथं आकडा चुकला आणि वेळही गेला. के काढायची गरजच नाही. खोलीपेक्षा जास्तीचं तापमान अर्ध्या तासात ५५ वरून २५ झालं, म्हणजे पाच छेद अकरा पट. आणखी अर्ध्या तासानं पुन्हा तेवढ्याच पट, म्हणजे ११.३६. त्यात २५ मिळवले की ३६.३६ अंश, संपलं. कॅल्क्युलेटर चालत नाही आणि लॉग टेबल चालतं, म्हणून ते उघडलंच पाहिजे असं थोडंच आहे. एलपीपीचंही तसंच. पेपरवर छापलेलं असतं की आलेख कागद लागत नाही, कच्ची आकृती पुरे. ही मुलगी पट्टीनं मोजून, प्रमाण लिहून सुंदर आलेख काढत होती आणि ज्याला गुण आहेत ते कोपऱ्यांचं कोष्टक विसरत होती. सूचना वाचायला लावल्या तर ती म्हणाली, "सर, सूचना कोण वाचतं?" खरंच कुणी वाचत नाही.

इंटिग्रेशनला वेगळा इलाज लागला. स्वाध्याय ३.२ मधली उदाहरणं तिला सगळी येत, कारण ती ३.२ मधली होती; वर रीत छापलेलीच असते. सुटी उदाहरणं समोर आली की गडबड. म्हणून दोन्ही इंटिग्रेशनच्या प्रकरणांतली आणि संकीर्ण स्वाध्यायातली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकली. रोज एसटीत दहा-बारा चिठ्ठ्या काढायच्या आणि प्रत्येकीची फक्त पहिली ओळ लिहायची. 'एक्स गुणिले ई रेस टू एक्स, भागिले एक अधिक एक्सचा वर्ग' (वर्ग अख्ख्या छेदाचा) दिसलं की वरच्या एक्सला एक्स अधिक एक वजा एक करायचं, की लगेच एक फंक्शन आणि त्याचाच डेरिव्हेटिव्ह समोर येतात. छेदात एक्स वर्ग अधिक चार एक्स अधिक तेरा असेल तर पूर्ण वर्ग. छेदात तीन अधिक दोन कॉस एक्स असेल तर टॅन एक्स बाय टू. पुढचं गणित सोडवायचं नाही, रीत ओळखायची. बसच्या हादऱ्यात अक्षर वेडंवाकडं यायचं, पण तिथं अक्षराला गुण नव्हते.

असं मिसळून सोडवणं नवं नाही. अमेरिकेत डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सातवीच्या वर्गांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: एका प्रकारची उदाहरणं सलग सोडवणाऱ्यांना महिन्यानंतरच्या चाचणीत सरासरी ४२ टक्के मिळाले, तीच उदाहरणं मिसळून सोडवणाऱ्यांना ७४. सातवी आणि बारावी एक नव्हे, हे मान्य. पण रीत कुठली लावायची हे ओळखण्याची अडचण दोन्हीकडं सारखीच, आणि आपल्या पुस्तकांची व डायजेस्टची मांडणी ती अडचण लपवते.

प्रकरण सोडायचं का?

हा प्रश्न दरवर्षी येतो, तिनंही विचारला. लाइन अँड प्लेन हे प्रकरण तिला आवडत नव्हतं. ऑप्शन एवढा आहे तर ते सोडलं तर काय बिघडतं? बी, सी, डी पुरतं बघितलं तर फारसं बिघडत नाही, ते गणित बरोबर आहे. पण सेक्शन ए ला ऑप्शन नाही. पेपरचा पाव भाग, २० गुण, एकही प्रश्न सोडायची मुभा नाही आणि त्यात कुठल्याही प्रकरणातलं काहीही येऊ शकतं. मुलं डी ला घाबरतात आणि ए ला 'टिकमार्क' म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलतात; गुण काठोकाठ हवे असतील तर क्रम उलटा हवा. डी मध्ये तीन प्रश्न न येण्याची चैन आहे. ए मधल्या बहुपर्यायीत एक चूक म्हणजे दोन गुण गेलेच, स्टेपचे म्हणून अर्धा-एक मिळायचीही सोय नाही.

म्हणून लाइन अँड प्लेन पूर्ण सोडलं नाही. त्यातली मोठी उदाहरणं बाजूला ठेवली. सूत्रं, व्याख्या आणि एका-दोन ओळींची उदाहरणं मात्र पक्की केली. स्क्यू रेषांचं सूत्र आकृती काढून समजून घेतलं, त्यात क्रॉस प्रॉडक्ट कशासाठी येतो ते कळल्यावर पुन्हा चुकलं नाही. बहुपर्यायी प्रश्नही तिनं पर्याय झाकून सोडवायला सुरुवात केली, कच्चं काम करून, मग अक्षर आणि उत्तर एकदाच. मंडळ पहिलंच लिहिलेलं उत्तर धरतं, त्यामुळं आधी घाईनं लिहून मग बदलण्यात अर्थ नसतो.

सीईटीबद्दल एक बोलायला हवं. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी दोन गुण, चुकीला वजाबाकी नाही. तिथं पर्याय घालून बघणं, किंमत ठेवून पडताळणं हे सगळं हुशारीचंच लक्षण आहे. 'सीईटी करा, बोर्ड आपोआप होतं' असं सर्रास सांगितलं जातं आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलापुरतं ते चालूनही जातं, कारण प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर असतो. बोर्डात ओळींना गुण आहेत, आणि ओळी गाळायची सवय दोन वर्षं लावून घेतली की ती महिन्यात सुटत नाही. तिची सुटली, कारण तिनं जानेवारीनंतर सीईटी पूर्ण बंद ठेवली. ज्याला दोन्ही हवं आहे त्याला मी हे सांगणार नाही.

सराव पेपर तिनं पाच-सहाच सोडवले, पण सकाळी अकराला बसून, लांब पानांवर, प्रत्येक सेक्शन नव्या पानावर, एका बैठकीत. पहिल्यात ६४ आले. तिला रडू आलं, एवढं करून तीनच गुण. पण 'येत असून गेलेले' अकरावरून सहावर आले होते, आणि वाढलेल्या चुका ज्या प्रकरणांना तिनं अजून हात लावला नव्हता तिथल्या होत्या. एकूण बेरीज बघितली असती तर तिनं पुन्हा डायजेस्ट उघडलं असतं.

निकाल, आणि दुसरा एक पेपर

बोर्डात १०० पैकी ९६ आले, लेखीचे ७६. तिनं उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. घरच्यांना तो पैशांचा चुराडा वाटला. गेलेल्या चारांतले दोन एका बहुपर्यायी प्रश्नाचे, प्रोबॅबिलिटीतला, तिला त्या क्षणी खरंच येत नव्हता. एक गुण सी मधल्या पेअर ऑफ लाइन्सच्या आकडेमोडीचा. उरलेला एक 'अधिक सी'चा, दोन ठिकाणी अर्धा-अर्धा. कार्डावर ते पहिल्या क्रमांकाला लिहिलेलं होतं.

पुढच्या वर्षी तिचा ९६ ऐकून पुढच्या बॅचमधला एक मुलगा आला, त्यालाही हेच करायचं होतं. त्याच्या पूर्वपरीक्षेत ८० पैकी ३९ होते. तसाच हिशेब मांडला: गेलेल्या ४१ पैकी २९ गुण सरळ न समजल्याचे, बहुतेक डेरिव्हेटिव्ह आणि दोन्ही इंटिग्रेशनचे. त्याला मी ना चिठ्ठ्या दिल्या, ना कार्ड, ना पूर्ण पेपर. डेरिव्हेटिव्हचं पहिलं प्रकरण उघडून चेन रूलपासून सुरुवात केली, जोडीला लॉजिक, मॅट्रायसेस आणि एलपीपी. त्याला बोर्डात लेखीत ५८ आले. चुकांची वही त्याच्या हाती बोर्डाच्या आदल्या आठवड्यात दिली, तोवर तिच्यात लिहिण्यासारखं त्याच्याकडं फारसं नव्हतं.